खाडीच्या पाण्यात सिग्नल मरतो तेव्हा: दोष फवाऱ्याचा की मिठाचा?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या मांडवी, जुवारी या नद्या आणि गावातल्या काही विहिरींच्या पाण्यात मेटफॉर्मिन, कार्बामाझेपिन आणि डायक्लोफेनॅक ही तीन औषधे ट्रिपल क्वाड्रुपोल मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचे आयन करून वस्तुमानाप्रमाणे मोजणाऱ्या यंत्रावर) मोजायची आहेत. औषधे एकमेकांपासून वेगळी करणारा कॉलम २.१ बाय १०० मिलिमीटरचा सी-१८ (तेलकट भरणाचा), प्रवाह मिनिटाला ०.३ मिलिलिटर, मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल. मेटफॉर्मिनसाठी पाणी गाळून थेट टोचतात, बाकी दोघांसाठी आधी कार्ट्रिजवर (औषध धरून ठेवणाऱ्या भरणाच्या नळीवर) निष्कर्षण करतात. शुद्ध पाण्यातली स्टँडर्ड्स (माहीत प्रमाणाची द्रावणे) झकास दिसतात. खाडीचा नमुना लावला की मेटफॉर्मिन जवळजवळ नाहीसे होते, कार्बामाझेपिन निम्म्यावर येते आणि निगेटिव्ह मोडमध्ये (ऋणभारित आयन म्हणून) मोजलेले डायक्लोफेनॅक दर इंजेक्शनला वेगळाच आकडा दाखवते. सर्व्हिस इंजिनिअरने सोर्सचे, म्हणजे द्रव उच्च व्होल्टेजने फवारून आयन करणाऱ्या भागाचे (इलेक्ट्रोस्प्रेचे), व्होल्टेज आणि तापमान वाढवून दिले, पण फरक पडला नाही. आता गाइड म्हणतात नॅनोस्प्रे (अगदी बारीक सुईचा, फार कमी प्रवाहाचा फवारा) घेऊ. घ्यावा का?

नॅनोस्प्रेचे शेवटी सांगतो. आधी हे बघा की तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे: शुद्ध पाण्यातले स्टँडर्ड नीट दिसते. म्हणजे तुमचा फवारा पाण्याला पेलतो आहे. पाणी ‘फवारायला’ अवघड असणे ही एक अडचण, आणि पाण्यात विरघळलेल्या गोष्टींनी आयन दाबून टाकणे ही दुसरी. पहिली सोर्सची बटणे फिरवून बऱ्यापैकी सुटते. दुसरी बटणांनी सुटत नाही, ती नमुना सोर्सपर्यंत पोचण्याआधीच सोडवावी लागते. लोक दुसऱ्या दुखण्यावर पहिल्याचे औषध देत बसतात आणि मग मशीनला नावे ठेवतात. तुमची तीन औषधे तर तीन वेगळ्या कारणांनी पडली आहेत, त्यामुळे एकच उपाय तिघांना लागू पडणार नाही.

पहिल्या अडचणीचे आधी सांगून टाकतो, कारण सुधारणेला तिथेही वाव आहे.

सुईच्या टोकाशी द्रवाचा शंकू ओढला जातो आणि त्याच्या अग्रातून भारित थेंब सुटतात. हा शंकू ओढायला पृष्ठताणावर मात करावी लागते. पाण्याचा पृष्ठताण २५ अंशाला मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन, अ‍ॅसिटोनायट्राइलचा २९च्या आसपास, मिथेनॉलचा २२. लागणारे व्होल्टेज पृष्ठताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ०.१ मिलिमीटर त्रिज्येची सुई आणि समोरचा इलेक्ट्रोड ४० मिलिमीटरवर, अशा मांडणीत गणिताने मिथेनॉलला सुमारे २.२ किलोव्होल्ट लागतात, पाण्याला ४. पण तेवढे व्होल्टेज चढवले की सुईच्या टोकाशी हवेतच विद्युत विसर्जन सुरू होण्याची भीती, म्हणजे कोरोना डिस्चार्ज. शिवाय पाण्याचा थेंब वाळायलाही वेळ लागतो: एक ग्रॅम पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे २२६० जूल, मिथेनॉलला साधारण त्याच्या निम्मे. थेंब वाळून लहान होतो, भार दाटतो, रॅलेने १८८२ मध्ये सांगितलेल्या मर्यादेपाशी तो फुटतो, पुन्हा वाळतो, पुन्हा फुटतो. ही साखळी थेंब मास स्पेक्ट्रोमीटरच्या तोंडाशी पोचण्याआधी पुरी व्हायला हवी. पाण्यात ती अर्धवट राहते.

आता मेटफॉर्मिन पाहा. ते इतके ध्रुवीय की सी-१८वर थांबतच नाही. कॉलममधले मोकळे आयतन धरले तर ०.३ मिलिलिटर प्रवाहात साधारण ०.७ मिनिटाला बाहेर येते. त्या क्षणी मोबाइल फेजमध्ये ९५ टक्क्यांहून जास्त पाणी असते. आणि तुम्ही सोर्स ट्यून कशात केला? बहुतेक ठिकाणी पन्नास-पन्नास मिथेनॉल-पाण्यात स्टँडर्ड सिरिंज पंपाने सोडून ट्यून करतात, कारण ते सोपे पडते आणि सिग्नल दणदणीत दिसतो. पण ती सेटिंग्ज कार्बामाझेपिनला चालतील, मेटफॉर्मिनला नाही. ट्यूनिंग करायचे तर ज्या मिश्रणात आणि ज्या प्रवाहात ते औषध प्रत्यक्ष कॉलममधून उतरते, त्याच मिश्रणात आणि प्रवाहात. कॉलम काढून त्या जागी जोडणी लावा, पंपावर ९५ टक्के पाणी ०.३ मिलिलिटरने चालू ठेवा, टी-जोडातून मेटफॉर्मिन मिनिटाला १० मायक्रोलिटरने सोडा आणि १३० वरून ७१ हे संक्रमण (१३० मासाचा आयन फुटून मिळणारा ७१चा तुकडा) बघत एकेक गोष्ट बदला. आधी नेब्युलायझर गॅस (थेंब बारीक करणारा) वाढवा, मग डिसॉल्व्हेशन गॅसचा (थेंब वाळवणाऱ्याचा) प्रवाह आणि तापमान, मग सुईचे अंतर, आणि सर्वांत शेवटी व्होल्टेज. व्होल्टेजला पहिला हात घालायची सवय सोडा. सुमारे ९५ टक्के पाण्याला सुई किंचित लांब आणि गॅस जोरात असा मेळ बहुधा बसतो, पण प्रत्येक कंपनीच्या सोर्सची रचना वेगळी असल्याने मी आकडे देत नाही. वरच्या प्रयोगात ते अर्ध्या तासात सापडतात. प्रत्येक बदलानंतर सिग्नल किती वाढला याच्या जोडीने तो किती थरथरतो तेही लिहून ठेवा. दहा टक्के कमी पण स्थिर सिग्नल मी कधीही पसंत करीन.

व्होल्टेज जास्त झाले हे ओळखायचे कसे? पॉझिटिव्ह मोडमध्ये स्कॅन खाली उतरवून बघा. एम/झेड (वस्तुमान भागिले भार) ३७, ५५, ७३, ९१ असे १८-१८च्या अंतराने पाण्याचे प्रोटॉनधारी गुच्छ मान वर काढू लागले आणि तुमच्या औषधाचा सिग्नल त्याच वेळी पडला, तर डिस्चार्ज चालू आहे. स्प्रेचा प्रवाह दाखवणारा आकडा असेल तर तो एरवी एका मायक्रोअ‍ॅम्पिअरच्या आत असतो. तो एकदम काही पटीने उडी मारतो. सोर्सला काचेची खिडकी असेल तर दिवे मालवून सुईच्या टोकाशी निळसर ठिणगी दिसते का तेही पाहा.

पाण्याचा पृष्ठताण पाडायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कॉलमनंतर टी लावून थोडे आयसोप्रोपेनॉल मिसळणे. पाण्यात वजनाने १० टक्के आयसोप्रोपेनॉल गेले की पृष्ठताण ७२ वरून सुमारे ४० वर येतो. तेवढेच मिथेनॉल घातले तर ५६च्या आसपासच थांबतो. म्हणून मेक-अपसाठी, म्हणजे कॉलमनंतर मिसळायला, मी आयसोप्रोपेनॉलच वापरतो, तेही मिनिटाला ५० ते १०० मायक्रोलिटर, त्याहून जास्त नाही. इथे एक हिशेब लक्षात ठेवा. नेहमीच्या प्रवाहात इलेक्ट्रोस्प्रे बराचसा सांद्रतेवर चालतो, त्यामुळे तुम्ही मिसळलेला द्रव औषध पातळही करतो. फायदा पातळ होण्याच्या तोट्यापेक्षा मोठा असेल तरच मेक-अप ठेवा. मेटफॉर्मिनसारख्या सुरुवातीला उतरणाऱ्या रेणूला त्याचा बहुधा फायदा होतो, शेवटाकडे साठ-सत्तर टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये उतरणाऱ्याला नाही. टी शक्य तितका लहान आयतनाचा आणि नळी अरुंद घ्या, नाहीतर पीक (आलेखातला औषधाचा उंचवटा) फुगून जे मिळवले ते गमावाल.

इतके करूनही खाडीच्या नमुन्यात मेटफॉर्मिन परत येणार नाही. कारण मीठ.

समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार. तुम्ही १० मायक्रोलिटर टोचले म्हणजे ३५० मायक्रोग्रॅम मीठ आत गेले. मेटफॉर्मिन लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम असेल तर त्याच इंजेक्शनमध्ये ते १ पिकोग्रॅम. एका भाग औषधामागे पस्तीस कोटी भाग मीठ, आणि दोघेही सी-१८वर न थांबता एकाच वेळी सोर्समध्ये शिरतात. थेंबावर जेवढा भार आहे तेवढाच आहे, त्यात सोडियम आपला वाटा आधीच घेऊन बसलेला. वर थेंब वाळताना मीठ घट्ट होत जाते आणि औषधाचे रेणू त्या खड्यात अडकतात. वर्षभर जपलेले मशीन एका दिवसाच्या थेट इंजेक्शनांनी कसे खराब होते हे पाहायचे तर शंभर इंजेक्शनांचा हिशेब करा: ३५ मिलिग्रॅम मीठ, आणि त्यातला बराचसा भाग सुईसमोरच्या, मास स्पेक्ट्रोमीटरच्या तोंडाच्या धातूच्या शंकूवर पांढऱ्या पापुद्र्यासारखा बसलेला.

(त्या पापुद्र्यावरून आठवले. सोर्स थंड झाल्यावर शंकू पुसताना लोक सरळ आयसोप्रोपेनॉलचा बोळा फिरवतात. मीठ त्यात जवळजवळ विरघळत नाही, फक्त इकडचे तिकडे होते. आधी शुद्ध पाण्याने, मग थोड्या फॉर्मिक आम्लाच्या पाण्याने, आणि मग मिथेनॉलने. क्रम उलटा करू नका.)

विहिरींचे नमुने मात्र बरे वागत असतील, असा माझा अंदाज आहे. जांभ्या दगडातले पाणी बहुधा मऊ असते. विरघळलेले क्षार लिटरला २०० मिलिग्रॅम धरले तरी १० मायक्रोलिटरमध्ये २ मायक्रोग्रॅमच जातात. तुमच्या विहिरींपैकी खाजनाच्या (बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतजमिनीच्या) कडेची एखादी असेल आणि तिचाच आकडा खाली येत असेल, तर कारण शोधायला लांब जाऊ नका. मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) खारे पाणी कुठवर येते ते गावातल्या कुणालाही विचारा.

मिठाने नेमके कधी दाबले हे डोळ्यांनी दिसते, आणि हा प्रयोग केल्याशिवाय कुणी पुढे जाऊ नये असे माझे ठाम मत आहे. वर सांगितलेला टी कॉलमच्या पुढे तसाच ठेवा. सिरिंज पंपाने तिन्ही औषधांचे मिश्रण मिनिटाला १० मायक्रोलिटरने सतत सोडा, म्हणजे पडद्यावर तीन सपाट रेषा मिळतील. मग औषध नसलेला खाडीचा नमुना कॉलममधून टोचा आणि नेहमीचा ग्रेडिएंट (पाणी कमी आणि अ‍ॅसिटोनायट्राइल जास्त होत जाणारा क्रम) चालू द्या. रेषा जिथे खचते तिथे काहीतरी दाबते आहे. मिठाचा खड्डा ०.७ मिनिटाच्या जवळ सुरू होईल, तळ गाठेल आणि दीड-दोन मिनिटांपर्यंत सावकाश वर येईल. मेटफॉर्मिन नेमके त्या खड्ड्याच्या तळाशी उतरते. त्यानंतर नमुन्यात ह्युमिक द्रव्ये (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातली तपकिरी सेंद्रिय द्रव्ये) असली तर साधारण ग्रेडिएंटच्या मध्यापासून एक उथळ, लांबलचक खोलगट भाग दिसेल. कार्बामाझेपिन त्या उतारावर असणार.

म्हणजे मेटफॉर्मिनला मिठापासून वेळेने वेगळे करायला हवे. डायव्हर्ट व्हॉल्व्ह लावून पहिली दीड मिनिटे कचऱ्यात सोडा हा सल्ला सर्रास मिळतो, आणि सोर्स स्वच्छ राहण्यासाठी तो उत्तमच आहे. पण सी-१८वर मेटफॉर्मिनही त्याच दीड मिनिटात वाहून जाईल. त्याला हिलिक कॉलमवर (ध्रुवीय रेणूंना थांबवणाऱ्या) न्या. हिलिकमध्ये सुरुवात ९० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलने होते, बफर म्हणून आम्लधर्मी अमोनियम फॉर्मेट १० मिलिमोलरच्या आसपास, आणि मेटफॉर्मिन अ‍ॅसिटोनायट्राइल अजून भरपूर असतानाच उतरते. एका दगडात दोन पक्षी: मीठ बाजूला होते आणि फवारा पाण्याचा राहत नाही. मात्र हिलिकमध्ये पाण्याचा नमुना तसाच टोचला तर पीक फाटते. एक भाग नमुना आणि नऊ भाग अ‍ॅसिटोनायट्राइल असे मिसळा. खारे पाणी असेल तर मिसळताना ते गढूळ होईल किंवा थर सुटतील, कारण सोडियम क्लोराइड अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये राहायला तयार नसते. ते सेंट्रिफ्यूज करून वरचे स्वच्छ घ्या, पण इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी प्रत्येक नमुन्यात माहीत प्रमाणात घालायचे द्रव्य) त्याआधी घाला, नंतर नाही. दहापट पातळ झाले म्हणून घाबरू नका, सिग्नलवरचा दबाव त्याहून जास्त पटीने कमी होतो. आणि हिलिकमध्ये सोडियमही कॉलमवर थांबते, फक्त वेगळ्या जागी. ते कुठे उतरते ते त्याच टी-जोडाच्या प्रयोगात पुन्हा एकदा पाहून मगच डायव्हर्ट व्हॉल्व्हची वेळ ठरवा.

कार्बामाझेपिन निम्म्यावर येते, त्यात मिठाचा दोष असलाच तर थोडा. इथे तुमची कार्ट्रिजच तुमच्यावर उलटली आहे. ५०० मिलिलिटर पाणी एचएलबी (ध्रुवीय आणि अध्रुवीय दोन्ही धरणाऱ्या) कार्ट्रिजमधून सोडून शेवटी १ मिलिलिटर केले, म्हणजे औषध पाचशे पटीने दाटले. पण पाण्यातली ह्युमिक द्रव्येही दाटली. निष्कर्षण केलेला द्रव चहासारखा दिसतो का? मग शंका नको. निगेटिव्ह मोडमध्ये पूर्ण स्कॅन घ्या. २०० ते ७०० पर्यंत प्रत्येक मासवर काहीतरी उगवलेले दिसेल. मान्सूनमध्ये म्हादईच्या, म्हणजे मांडवीच्याच, वरच्या अंगाने पालापाचोळ्याचे पाणी येते तेव्हा हे जास्त.

बरेच जण सवयीने नमुना पीएच २ वर आणतात. त्याने ह्युमिक आम्लांचा भार जातो आणि तीही कार्ट्रिजवर छान चिकटतात. कार्बामाझेपिन तटस्थ रेणू आहे, त्याला आम्लाची गरजच नाही. डायक्लोफेनॅक आम्लधर्मी असले तरी एचएलबीवर सातच्या जवळच्या पीएचलाही थांबते. तेव्हा नमुना आम्लात न नेता लोड करून पाहा आणि दोघांची रिकव्हरी (घातलेल्यापैकी किती परत मिळते ते) तपासा. द्रवाचा रंग फिका झालेला लगेच दिसेल. लोड झाल्यावर कार्ट्रिज किमान १० मिलिलिटर शुद्ध पाण्याने धुवा. ही पायरी घाईत गाळली जाते. कार्ट्रिजच्या पोकळीत अर्धा मिलिलिटर खारे पाणी उरले तरी ते १७ मिलिग्रॅम मीठ, आणि कार्ट्रिजवरून औषध उतरवणाऱ्या मिथेनॉलमध्ये मीठ लिटरला सुमारे १४ ग्रॅम विरघळते, म्हणजे निष्कर्षणाबरोबर ते खाली येणारच. हिलिकला जाणारे मेटफॉर्मिन या कार्ट्रिजवर धरून ठेवायचा प्रयत्न मात्र करू नका, ते तिथे टिकत नाही. आणि धनभाराला पकडणाऱ्या आयन-विनिमय कार्ट्रिजवर खाऱ्या पाण्यातले सोडियम त्याला जागा देत नाही.

दाटवण्याचा मोह आवरण्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. तयार द्रव दहापट पातळ करून पुन्हा टोचा. सिग्नल दहाव्या भागावर यायला हवा. तो फक्त निम्म्यावर आला, तर मूळ द्रवात तुम्हाला खऱ्या सिग्नलच्या पाचव्या भागापेक्षा जास्त मिळत नव्हते. अशा वेळी ५०० ऐवजी १०० मिलिलिटर पाणी घेतले तरी अचूक मोजमाप जवळपास तितक्याच तळापर्यंत पोचते, शिवाय कार्ट्रिजचा वेळ वाचतो आणि सोर्स कमी घाण होतो.

डायक्लोफेनॅक ग्रेडिएंटमध्ये उशिरा, भरपूर अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये उतरते, त्यामुळे त्याच्या अस्थिरपणाचे खापर पाण्यावर फोडता येत नाही. इंजिनिअरने व्होल्टेज वाढवले ते दोन्ही मोडमध्ये वाढवले का ते आधी पाहा. निगेटिव्ह मोडमध्ये सुईचे टोक इलेक्ट्रॉन बाहेर फेकते, म्हणून डिस्चार्ज पॉझिटिव्हपेक्षा बराच कमी व्होल्टेजला सुरू होतो. पॉझिटिव्हमध्ये साडेतीन चालत असेल तर निगेटिव्हमध्ये दोन-अडीच किलोव्होल्टपासून वर चढत जा आणि सिग्नल सपाट झाला की तिथेच थांबा. दुसरे म्हणजे फॉर्मिक आम्ल. ०.१ टक्का फॉर्मिक आम्लाचा पीएच २.७च्या जवळपास असतो. तिथे डायक्लोफेनॅकला प्रोटॉन सोडायला काही कारणच नाही. निगेटिव्हसाठी वेगळा रन लावून मोबाइल फेजमध्ये २ ते ५ मिलिमोलर अमोनियम अ‍ॅसिटेट घ्या. अमोनियम फ्लोराइड ०.२ ते १ मिलिमोलर घातल्यास निगेटिव्ह सिग्नल आणखी वाढतो, इस्ट्रोजेनसारख्या रेणूंना तर ठळकपणे. पण ते आम्लात कधी मिसळू नका, हायड्रोजन फ्लोराइड तयार होऊन सिलिका खाते, आणि माणसालाही ते वाईटच. हे सगळे नको असेल तर डायक्लोफेनॅक पॉझिटिव्हमध्ये २९६ वरून २१४ वर मोजा. थोडी संवेदनशीलता गेली तरी तिन्ही औषधे एकाच मोडमध्ये येतील आणि मोड बदलण्याचा खटाटोप संपेल. मी तुमच्या जागी असतो तर हेच केले असते. सोर्समध्ये ऑक्सिजन किंवा सल्फर हेक्झाफ्लोराइड सोडून डिस्चार्ज दाबण्याचे प्रयोग वाचनात येतील. तापलेल्या सोर्समध्ये ज्वलनशील द्रावक असताना ऑक्सिजनचा खेळ नको, आणि दुसरा वायू हरितगृह वायूंमधला फार जहाल.

आता गोव्यापुरते खास. मे महिन्यात भरतीचे खारे पाणी दोन्ही नद्यांत खूप आतपर्यंत शिरलेले असते. जुलैत तेच पात्र पृष्ठभागावर जवळजवळ गोडे असते. कुंभारजुवे कालव्याने दोन्ही खाड्या जोडलेल्या, त्यामुळे मधल्या ठिकाणांचा नेम आणखीच कमी. म्हणजे एकाच ठिकाणचा नमुना ऋतूप्रमाणे दोन वेगळे मॅट्रिक्स (औषधाभोवतीचे बाकी सगळे मिश्रण) आहे. मेमध्ये तयार केलेला मॅट्रिक्स-जुळवलेला कॅलिब्रेशन वक्र (त्याच पाण्यात स्टँडर्ड घालून काढलेला) जुलैच्या नमुन्यांना लावला की औषधाचे प्रमाण पावसाळ्यात वाढल्यासारखे दिसेल. प्रत्यक्षात दबाव कमी झालेला असतो. अशी आकृती प्रबंधात गेली तर परीक्षक ती सोडणार नाही. प्रत्येक नमुन्याची क्षारता आणि भरती-ओहोटीची वेळ वहीत लिहा, आणि प्रत्येक औषधासाठी समस्थानिक-चिन्हांकित इंटर्नल स्टँडर्ड नमुना गाळल्यावर लगेच, निष्कर्षणाच्या आधी घाला. ड्युटेरियमवाली (जड हायड्रोजनवाली) स्टँडर्ड्स स्वस्त असतात, पण पुष्कळ ड्युटेरियम असलेली सी-१८वर किंचित आधी उतरतात. दबावाचा उतार तीव्र असेल तर त्यांच्यावर आणि औषधावर वेगवेगळा दाब पडतो. डायक्लोफेनॅकसाठी कार्बन-१३वाले मिळते, तेच घ्या.

मॅट्रिक्सचा परिणाम टक्क्यात लिहायची पद्धत सोपी आहे: निष्कर्षणानंतर औषध घातलेल्या द्रवातले क्षेत्रफळ भागिले शुद्ध द्रावकातले क्षेत्रफळ, गुणिले शंभर. हा आकडा दर ऋतूत, खाडीच्या निदान तीन ठिकाणी काढा. रिकव्हरी वेगळी काढा. बरेच जण दोन्ही एकत्र करून ‘रिकव्हरी ५० टक्के’ लिहितात आणि मग कार्ट्रिज बदलत बसतात.

लोहखनिजाच्या पट्ट्यातून आलेल्या पाण्यात बारीक लाल गाळ असतो. तो काचतंतूच्या फिल्टरने आधी काढा, नाहीतर कार्ट्रिज तुंबेल. पुढे कधी टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनकडे वळलात तर लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यांना धरून बसतात. तेव्हा लोड करण्याआधी ईडीटीए (धातूंना बांधून ठेवणारे रसायन) घालावे लागते. तुमच्या तिघांना त्याची गरज नाही.

कार्बामाझेपिनच्या बाबतीत २५९ हे मासही तपासा. तो त्याचा सोडियमवाला आयन, २३७च्या वर २२. तो मोठा दिसला तर सिग्नल तिकडे पळतो आहे, आणि सोडियमवाला आयन सहजासहजी तुटत नाही म्हणून १९४चा तुकडाही मिळत नाही. सोडियम नमुन्यातूनच येते असे नाही. मोबाइल फेजची काचेची बाटली, डिटर्जंटने धुतलेला सिलिंडर, समुद्राकडची उघडी खिडकी, सगळीकडून येते. पाण्याची बाटली पॉलीप्रॉपिलीनची ठेवा, ती फक्त शुद्ध पाण्याने खंगाळा, आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी ताजे भरा.

पावसाळ्यात नायट्रोजन जनरेटरकडे बघा, याकडे कुणीच बघत नाही. आर्द्रता वाढली की कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते; ते रोज सोडले नाही आणि ड्रायर थकलेला असला तर डिसॉल्व्हेशन गॅसच ओलसर येतो, आणि पाण्याचे थेंब वाळवायला ओला वारा. रात्री एसी बंद आणि सकाळी चालू केल्यावर सोर्सच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर दव धरते, उच्च व्होल्टेज त्यावरून गळते आणि स्प्रेचा आकडा नाचू लागतो. चवथीच्या सुट्टीनंतर मशीन सुरू करताना पहिल्या दिवशी सिग्नल वेडावाकडा आला तर नमुन्याला दोष देण्याआधी सोर्स काही तास गरम गॅसवर वाळू द्या.

आता नॅनोस्प्रे. मिनिटाला काही दहा ते काही शे नॅनोलिटर प्रवाह, सुईचे तोंड एक ते दहा मायक्रॉन. थेंब सुरुवातीलाच इतके लहान की पाण्यातूनही नीट आयन निघतात, आणि थोडे मीठही खपून जाते. थोड्या मायक्रोलिटर प्रथिनाचे काम करणाऱ्याला तो हवाच. अमोनियम अ‍ॅसिटेटच्या पाण्यात प्रथिन न उलगडता मोजायचे असेल तर दुसरा चांगला मार्ग नाही. पण महिन्याला चाळीस-पन्नास खाडीचे नमुने काढणाऱ्या प्रयोगशाळेत ती सुई गाळाने आणि मिठाने दिवसाआड तुंबणार, आणि पस्तीस कोटी भाग मीठ ‘थोडे’ नव्हे. गाइडकडे तेवढा निधी असेल तर त्याच्या छोट्या हिश्शात तीन चिन्हांकित स्टँडर्ड्स, एक हिलिक कॉलम, एक चांगला सिरिंज पंप आणि शंकूचा एक जादा संच येईल. नॅनोस्प्रे तुमच्या या कामासाठी घेऊ नका.